सर्व्हरचं भंगार आणि अब्बांची गाडी

३ नोव्हेंबर, रविवार

सरफराज आला पुण्याहून. दिवाळीची सुट्टी. खांद्यावर गोणपाट — मला वाटलं, चला, पोराला अक्कल आली, कांदे घेऊन आला! उघडलं तर आत कंपनीनं काढून टाकलेल्या सर्व्हरचं भंगार. जेवायच्या पाटाएवढा बोर्ड, रॅमच्या पट्ट्या, आणि जुन्या पायमोज्यात गुंडाळलेले दोन प्रोसेसर. मोज्यात!

"आपा, ह्याचा भारी गेमिंग कॉम्प्युटर होतो. मी व्हिडिओ बघितलाय."

व्हिडिओ बघितलाय. झालं. मी भोरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून बसले आहे ती काय माश्या मारायला? हा तिकडं सर्व्हरच्या खोलीत एसी लावून बसणार, दिवे लुकलुकतायत का बघणार, आणि दोन महिन्यांतून एकदा येऊन मला शिकवणार.

आणि हे सगळं कशासाठी, तर अब्बांसाठी! बस चालवायचा गेम. म्हणे, तपासणीच्या आधी सराव होईल. अब्बा एसटीचे ड्रायव्हर. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा डेपोनं हातातलं स्टिअरिंग काढून घेऊन त्यांना टेबलावर कामाला बसवलं. हात सुधारला, पाय सुधारला. आता २ डिसेंबरला पुन्हा डॉक्टरी तपासणी. पास झाले की गाडी परत. त्या तारखेवर आमचं घर श्वास घेतंय.

अब्बा स्वतः काय म्हणाले? "सराव? म्या? भोर-हिर्डोशी म्या डोळं मिटून न्हेली आस्ती."

सरफराज संध्याकाळच्या गाडीनं गेला. भंगार माझ्या पदरात. नेहमीप्रमाणे.

४ नोव्हेंबर

बोर्ड दुकानातल्या एकाही कॅबिनेटमध्ये बसत नाही. एकाही! सर्व्हरचा बोर्ड तो, त्याला बिऱ्हाडही वेगळंच लागतं. शेवटी घरी नेऊन टीव्हीच्या जुन्या टेबलावर उघडाच मांडला. पंखे बांधायला अम्मीची कपडे वाळत घालायची दोरी. अम्मी म्हणाली, "ह्ये कॉम्प्युटर हाय का बकरी?"

ग्राफिक्स कार्ड माझ्या स्वतःच्या मशीनमधलं काढून लावलं. कारण आमच्या इंजिनिअर साहेबांच्या लक्षातच नव्हतं की सर्व्हरला चित्र दाखवायची गरज नसते. तो बिचारा अंधारात काम करतो. तसाच ह्याचा मालक.

६ नोव्हेंबर

चालू झालं. बटण दाबायचं, चहा ठेवायचा, उकळायचा, गाळायचा, प्यायचा — मग स्क्रीनवर काहीतरी येतं. आवाज पिठाच्या गिरणीचा. दारावरून प्रचाराची रिक्षा ओरडत गेली, कोणाला मत द्या म्हणते ते ऐकूच आलं नाही. हा एकच फायदा.

९ नोव्हेंबर, शनिवार

सरफराजनं कुणाचं तरी जुनं स्टिअरिंग आणि पायाचे पेडल पाठवून दिले. जोडले. गेम टाकला. गाडी डावीकडून चालवायची सेटिंग शोधली.

अब्बा बसले. आधी खुर्ची पुढं ओढली, मग मागं. मग आरसा कुठाय विचारलं. मग "ह्या गाडीला वास न्हाई," म्हणाले. डिझेलचा वास! तोही आता सरफराज गोणपाटातून आणेल.

निघाले. डावा हात छान फिरत होता, ते खरं. पण चित्र अडकत होतं. वळणावर गाडी थबकायची आणि एकदम पुढं उडी मारायची. दुसऱ्याच थांब्यावर बस थेट शेडमध्ये.

"बघ! तुज्या भावाचं भंगार!"

"माझा भाऊ तुमचा मुलगा आहे," म्हटलं.

"म्या बसलो आस्तो का आसल्या गाडीवर? डेपोत परत पाठवली आस्ती."

पहिल्यांदाच माझं आणि अब्बांचं एकमत झालं.

१० नोव्हेंबर

जेवताना भांडण. अब्बा म्हणे भाजी वाढलीच नाही. ताटात भाजी होती! त्यांच्याच डाव्या हाताशी, एवढी मोठी वांग्याची. अम्मीनं ताट फिरवलं. मी म्हटलं, आता भाजीसुद्धा सर्व्हरवर चालते वाटतं, उशिरा दिसते. कोणी हसलं नाही. ह्या घरात विनोद वाया जातो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बाजार. हिर्डोशीच्या ठकुबाई दुकानात टेकल्या. त्यांना कॉम्प्युटरशी काय देणंघेणं? पण बाजाराच्या पिशव्या ठेवायला आमचंच दुकान. भात झोडून झालंय, म्हणाल्या. मग नेहमीचा प्रश्न.

"हुमा, शफीभाऊ कवा येनार गं गाडीवर?"

"दोन तारखेला तपासणी आहे."

"आता हाय त्यो डायवर न्हाई थांबत वळनावर. शफीभाऊ मला लांबनं बगायचं. म्या हात न्हाई केला तरी थांबायचं." मग पिशवी उचलताना, "त्यास्नी सांग, ठकुबाईनं नवस केलाय."

घरी येऊन सांगितलं. अब्बांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "ती वळनावर झाडाच्या आत हुबी ऱ्हाती. दिसतच न्हाई कुणाला. मला म्हाईत हाय म्हनून दिसायची."

१३ नोव्हेंबर

सरफराजला फोनवर झापला. "अठ्ठावीस कोअर आहेत आपा, अठ्ठावीस!" — त्याचं एकच पालुपद.

अरे माठ्या, कोअर म्हणजे माणसं. तू भातलावणीला अठ्ठावीस माणसं आणलीस. सर्व्हरचं कामच भातलावणी — हजार लोक हजार गोष्टी मागतात, प्रत्येकानं आपली ओळ लावायची. गेम म्हणजे सुईत दोरा ओवायचा. तिथं चारच बोटं लागतात, पण चपळ. तुझी माणसं दहा वर्षांची थकलेली, हळू, आणि त्यातली चोवीस बांधावर तंबाखू मळत बसलीत!

 मग हळूच, "पण स्वस्तात झालं ना."

दात ओठ खाऊन फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर

अब्बा रोज डेपोतून आले की बसतात. चिडतात, शिव्या देतात, उठतात, परत बसतात. रोज कुठंतरी ठोकतात. खांब, थांब्याची शेड, सायकलवाला. "अडकलं!" ते ओरडतात. स्वयंपाकघरातून मी पण ओरडते, "अडकणारच!"

कंटाळा आलाय. इतक्या वेळात मी सरळ नवीन मशीन जोडून दिलं असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज दुकान बंद ठेवून ह्या बकरीचा सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. दुपारभर बसले. आणि सापडलं!

दोन प्रोसेसर म्हणजे दोन घरं. ग्राफिक्स कार्ड एका घराच्या दाराशी बांधलेलं. गेमचं काम मात्र कधी ह्या घरात, कधी त्या घरात. मग प्रत्येक गोष्ट हातात घेऊन अंगण ओलांडायचं. त्या येण्याजाण्यात चित्र अडकतं. अठ्ठावीस-अठ्ठावीस करत नाचत होता ना? त्यातले चौदा हेच दुखणं होतं.

एक प्रोसेसर सरळ काढून टाकला. परत मोज्यात.

गेम लोण्यासारखा पळाला. लोण्यासारखा! अर्धी ताकद काढून घेतली आणि मशीन सुधारलं. सरफराजला सांगणार नाही. त्याला वाटेल त्याचंच डोकं.

१८ नोव्हेंबर

अब्बांना म्हटलं, बसा आता. गाडी राणीसारखी पळतेय.

बसले. खरंच खूश झाले. "आता कसं! आता इंजिन बोलतंय." घाटासारखा रस्ता निवडला त्यांनी. वळणावर हॉर्न दिला — गेममध्ये कोण ऐकतंय, तरी दिला. उजवीकडून येणारे ट्रक काय सुंदर चुकवले! मी मागं उभी होते. वाटलं, हे पास होणार. हे नक्की पास होणार.

मग थांबा आला. शेडच्या पुढं पिशवी घेतलेली एक बाई. गाडी त्या बाईवरून गेली.

"अडकलं परत!"

 कोपऱ्यात आकडा असतो, चित्र किती सुरळीत पळतंय त्याचा. मी त्याच्याकडंच बघत होते. आकडा हललासुद्धा नव्हता.

१९ नोव्हेंबर

पेडल तपासले. स्टिअरिंग तपासलं. वायर बदलली. दुकानातला दुसरा स्क्रीन आणून लावला. सगळं ठणठणीत.

अब्बांनी आज चारदा ठोकलं. चारही वेळा डावीकडं.

२० नोव्हेंबर

मतदान. अब्बांबरोबर शाळेत गेले. गेटचा खांब डावीकडं. ते सरळ त्याच्यावर निघाले होते. अम्मीनं मधे स्वतःचा खांदा घातला, इतक्या सहज, की कुणाला वाटावं तिचाच तोल गेला.

अम्मी नेहमी त्यांच्या डावीकडूनच चालते. हे मी आज बघितलं. काय म्हणून बघितलं नव्हतं?

२२ नोव्हेंबर

लिहून टाकते. अब्बांना डावीकडचं दिसत नाही. डोळा चांगला आहे, उजवीकडची मुंगीसुद्धा दिसते. पण डावीकडं जग संपलेलं आहे आणि ते संपलंय हे त्यांना कळतच नाही. भाजी नसते, खांब नसतो, बाई नसते.

झटक्यानंतर डॉक्टरांनी हात बघितला, पाय बघितला. डोळ्यांसाठी वेगळ्या दिवशी बोलावलं होतं. अब्बा म्हणाले, "डोळ्याला काय झालंय?" झालं. गेलो नाही.

आणि मी पंधरा दिवस प्रोसेसरला शिव्या देत बसले. हुशार ना मी! भोरमधली एकमेव कॉम्प्युटरवाली!

२३ नोव्हेंबर

अम्मीला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मला ठाऊक हाय. दवाखान्यातनं आनलं तवापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ते गाडीवर जायच्या आशेवर उठत्यात सकाळी. आशा काढून घिऊ? मंजे मग ते कशासाठी उठतील?"

"आणि तपासणीत पास झाले तर? हात बघून पास केलं तर?"

तेव्हा तिचे हात थांबले.

हिर्डोशीच्या रस्त्यावर एका बाजूला धरणाचं पाणी आहे. जाताना नाहीतर येताना, ते डावीकडं येणारच. गाडीत ठकुबाई बसलेली असणार. नवस फेडायला निघालेली.

२४ नोव्हेंबर, रविवार

सरफराजला फोन केला. सगळं सांगितलं.  मग म्हणतो काय —

"आपा, तूच सांग ना त्यांना. तुझं ऐकतात."

वा! भंगार तू आणायचं, निकाल मी सांगायचा! दिवाळीला बापाच्या गळ्यात गळा तू घालायचा, आणि बापाची गाडी मी काढून घ्यायची! असं सगळं बोलले. फोनवर रडला. रडू दे. मला रडायलाही वेळ नाही, दुकानात तीन प्रिंटर पडलेत.

शेवटी म्हणाला, "शनिवारी येतो. बरोबर सांगू."

आला तर खरं.

२७ नोव्हेंबर

तोंडानं सांगून अब्बा ऐकणार नाहीत. दाखवावं लागेल.

ह्या गेममध्ये एक सोय आहे. सगळी फेरी बाहेरच्या कॅमेऱ्यातून साठवता येते, बसच्या समोरून. साध्या मशीनवर हे चालू केलं की गेम रडायला लागतो. पण आमच्याकडं रिकामे कोअर ढिगानं! बांधावरची माणसं शेवटी कामाला लागली. फेरी साठतेय आणि गेमला पत्ता पण नाही.

म्हणजे सरफराजचं भंगार एका कामाचं निघालं. नेमक्या ह्या कामाचं. अल्ला, तुझी पण कमाल.

३० नोव्हेंबर, शनिवार

आला सरफराज. हात हलवत आला, पण आला.

दुपारी अब्बा गाडीवर बसले. आम्ही दोघं मागं. मी साठवायचं बटण दाबलं. त्यांनी दोन थांबे नीट घेतले. तिसऱ्याला पिशवीवाल्या बाईला उडवलं.

"अडकलं."

मी म्हटलं, "अब्बा, आता हीच फेरी समोरून बघू."

समोरून बघितलं की डावं उजवीकडं येतं. स्क्रीनच्या उजव्या बाजूला शेड. शेडपुढं बाई. पिशवी खाली ठेवलेली. लांबून बस येतेय. बाई हात करते. बस येतेय. बाई हात करतेच आहे.

अब्बा पुढं झुकले. "ही बाई कुठनं आली?"

"ती तिथंच होती, अब्बा."

"न्हाई. म्या बगितलं आस्तं."

परत लावलं. परत बाई. परत हात. तिसऱ्यांदा लावायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्याच डाव्या हातानं, झटक्यातून सुधारलेल्या. किती जोर आलाय त्या हातात!

"भंगार हाय," ते म्हणाले. "भंगारात काय बी दिसतं."

तेव्हा सरफराज बोलला. मला वाटलं नव्हतं. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "मशीन नीट आहे अब्बा. आपानं नीट केलंय. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"तुमी दोगं मला आंदळा म्हनताय?"

"अर्धा," मी म्हटलं. काय गरज होती? पण माझ्या तोंडाला कधी ब्रेक होता?

अब्बांनी स्टिअरिंग उपटून खाली टाकलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. अम्मी गेली आणि त्यांच्या डावीकडं बसली. अब्बा तिला म्हणाले, "तू बी?" एवढंच.

ती उठली नाही.

१ डिसेंबर

घरात कोणी कोणाशी बोललं नाही. सरफराजनं सुट्टी वाढवली. म्हणे भांडी घासतो. दोन कप फोडले.

संध्याकाळी अब्बांनी उद्याचे कपडे स्वतः इस्त्री केले. खाकी. म्हणजे जाणार. मी डेपोत जाऊन सांगू का डॉक्टरांना? मुलगीच बापाची चुगली करणार? करेन. पाणी डावीकडं येतं. करेन.

२ डिसेंबर, सोमवार

मी चप्पल घालेपर्यंत ते निघून गेले होते. डेपोच्या गेटवर पोचले तर परत येताना दिसले, एकटे, भिंतीला उजवा खांदा लावून, हळू.

"तपासनीला न्हाई बसलो. सायबास्नी म्हनलं, डोळ्याचं आधी बगून घ्या, तवर टेबलच बरा." मग चालता चालता, "ठकुबाईला तू सांग. माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

घरी आल्यावर खाकी काढली नाही. स्टिअरिंग उचललं, पुसलं, टेबलाला परत आवळलं. सरफराजला म्हणाले, "च्या ठेव, तवर चालू हुतंय." मग मला, "खुर्ची घे. हितं डावीकडं बस. काय आलं की आधी सांग."

बसले. खांब, म्हटलं. सायकल. बाई, थांबा, थांबा — थांबले. दार उघडलं. पिशवीवाली बाई चढली.

शेवटच्या गावापर्यंत गेलो. कोणाला लागलं नाही.